भिंतीकडे तोंड करण्याचा नियम

शशिकला अनंत हरकरे, माहेरच्या शशिकला मनोहर देशकर. जन्म नागपूर, महाल, १९४३. मृत्यू भोपाळ, २०१४. शिक्षण बी.एस्‌सी., विषय गणित. नोकरी भोपाळच्या एका सरकारी अवजड यंत्रांच्या कारखान्यातील संगणक विभागात. प्रवेश पंचकार्ड ऑपरेटर म्हणून, निवृत्ती विभागप्रमुख म्हणून.

इतका तपशील त्यांच्या सेवापुस्तिकेवरूनही मिळेल. त्या कोण होत्या हे सांगावयाचे असेल तर मात्र २००९ सालच्या फेब्रुवारीतील एक दुपार सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. त्या दुपारी आमच्या कारखान्याच्या वसाहतीतील मराठी मंडळाच्या वाचनालयात एक प्रोग्राम चालू होईना. तो का चालू होत नाही, हे बऱ्याच खटाटोपानंतर एका क्षणात कळले. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही त्या क्षणाचा धक्का पुरता ओसरलेला नाही.

त्या दुपारचा उलगडा होण्यासाठी आधी एक नियम समजावून सांगितला पाहिजे.

कारखान्याचा पहिला मोठा संगणक काचेच्या खोलीत होता. खोली इतकी गार ठेवावी लागे, की तेथे काम करणाऱ्या स्त्रिया ऐन मे महिन्यात स्वेटर घालून इंद्रपुरीच्या रस्त्याने जात आणि लोक थांबून पाहत. त्या खोलीत हरकरेबाईंनी एक शिस्त घालून दिली होती. कोणीही पासवर्ड टंकावयास बसला, की बाकीच्यांनी उभे राहून भिंतीकडे तोंड करावयाचे. काम झाल्याचे बसलेल्याने सांगितल्याखेरीज मागे वळावयाचे नाही. बसलेल्यानेही खुर्ची सोडण्यापूर्वी पडदा पुसून कोरा करावयाचा, टंकलेले काही मागे ठेवावयाचे नाही. नुसती नजर बाजूला घेणे त्यांना चालत नसे. "डोळ्यांच्या कोपऱ्यालाही डोळेच म्हणतात," असे त्या म्हणत. एकदा दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन खुद्द महाव्यवस्थापक आत आले, तेव्हा बाईंनी खुर्चीतून न उठता सांगितले, "साहेब, भिंतीकडे." साहेब वळले आणि त्यांच्यामागोमाग दिल्लीकरही वळले.

नियम हळूहळू काचेच्या खोलीतून बाहेर पडला आणि वसाहतीत रुजला. शेजारी कपाटाची किल्ली काढू लागला, की आमच्यातला माणूस आपोआप खिडकीबाहेर पाहू लागे. एटीएम यंत्रे आली तेव्हा आमची मंडळी रांगेत एकमेकांकडे पाठ करून उभी राहत. बँकेच्या दारावरचा रखवालदार एकदा मला म्हणाला, "बाबूजी, ये मराठी लोग पैसा निकालते हैं या शरमाते हैं?" मला या शिस्तीचा अभिमान होता. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट ही नव्हती. दुसऱ्याच्या गुप्ततेचा मान राखण्याची ती रीत होती, आणि ती एका बाईने हजारो माणसांच्या अंगी बाणवली होती.

दुसरी गोष्ट रक्तदात्यांच्या नोंदणीची. फाउंड्रीतील पर्यवेक्षक गजानन बोकारे यांचा रक्तगट ओ निगेटिव्ह. हा गट आपल्याकडे फार थोड्यांचा, आणि अशा रुग्णाला दुसऱ्या कोणत्याही गटाचे रक्त चालत नाही. गजाननरावांना कोणीही, केव्हाही बोलावीत आणि ते जात. एका माणसावर एवढा भार नको, या विचाराने बाईंनी दात्यांची नोंदणी सुरू केली आणि ती मोठ्या संगणकावर चढविली. 'रन दाता' एवढे टंकले, की नोंदणी उघडे. पुढे १९९६ साली तो संगणक मोडीत निघाला. भंगारवाल्याच्या ट्रकवर चढविण्यापूर्वी बाईंनी त्याला हळदकुंकू वाहिले. आम्ही काही जण त्या वेळी मुद्दाम गेलो होतो.

बाईंच्या निवृत्तीनंतर नोंदणी मंडळाच्या वाचनालयात आली. तेथे एका साध्या संगणकावर ती नव्या पद्धतीच्या डेटाबेसमध्ये बसविण्याचे काम उदय घटाटे याने केले. उदय हा बाईंच्या हाताखाली तयार झालेला आणि आता त्यांच्याच विभागात वरच्या जागेवर असलेला इंजिनिअर. डेटाबेसशी बोलण्यासाठी एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला क्लायंट म्हणतात. काळ्या पडद्यावर आधी त्याचे नाव टंकावयाचे, मग पासवर्ड द्यावयाचा, मग आपल्याला काय हवे ते ठरावीक वाक्यात विचारावयाचे. उदयने चित्रांची, टिचकी मारून चालणारी पद्धतही देऊ केली होती. बाई म्हणाल्या, "मला यंत्राशी बोलायचंय, त्याला गुदगुल्या नाही करायच्या."

कोणाला कोणता आजार आहे, कोणी कधी रक्त देऊ शकत नाही, ही माहिती खाजगी. म्हणून पासवर्ड बाईंजवळच असे आणि त्याची एक प्रत मोहोरबंद लिफाफ्यात मंडळाच्या कपाटात. दर तिमाहीस त्या पासवर्ड बदलीत व नवा लिफाफा देत. मंडळाचा चिटणीस या नात्याने तो मी जमा करून घेत असे.

आता ती दुपार.

वाचनालयात मी आणि हरकरेबाई नेहमीप्रमाणे बसलो होतो. बाईंचे यजमान अनंतराव कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचीत होते. अलीकडे ते रोज बाईंच्या सोबत येऊ लागले होते. निवृत्तांना घरात करमत नाही, असे मी त्याचे कारण धरले होते. इतक्यात सुलभा चाफेकर जवळजवळ धावतच आत आल्या. त्या इंद्रपुरीत राहत. त्यांची मुलगी प्रतिभा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती.

"शशिकलाताई, प्रतिभाचं रक्त थांबत नाहीये," त्या दाराशीच म्हणाल्या. "मुलगी झाली, बाळ छान आहे, पण हिचं रक्त... डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया करावी लागेल. ओ निगेटिव्ह आहे ती. त्यांच्याकडची एकच पिशवी होती, ती चढवली. शहरातून दुसरी संध्याकाळपर्यंत येईल म्हणतात. संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही म्हणतात."

"बस," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "अच्युतराव, पाणी द्या तिला. नोंदणीत ओ निगेटिव्हचे पुष्कळ आहेत. आत्ता काढते."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, शांत आणि थोडा कोरडा. सुलभाताईंच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मी पाहिला. बाई संगणकापुढे बसल्या. मी उठलो, अनंतराव उठले, आम्ही भिंतीकडे तोंड केले. सुलभाताईही वळल्या. वसाहतीतच वाढलेल्या त्या, हे त्यांना सांगावे लागले नाही.

कळफलकाचा आवाज झाला. मग थोडी शांतता. मग पुन्हा आवाज.

"उघडत नाहीये," बाई म्हणाल्या.

"काय म्हणतो?" मी भिंतीकडेच पाहत विचारले.

"कमांड नॉट फाउंड."

"म्हणजे काय हो?" सुलभाताईंनी विचारले.

"म्हणजे दिलेला हुकूम यंत्राला माहीत नाही," मी म्हणालो. "प्रोग्राम बिघडला असावा. उदयला बोलावतो."

उदय कारखान्यातून स्कूटरवर आला. त्याने येताच बाईंना वाकून नमस्कार केला, खुर्चीत बसला, आणि क्लायंटचे नाव टंकून त्याची आवृत्ती विचारली. पासवर्डाचा प्रश्न नव्हता, म्हणून आम्ही वळलो नव्हतो. पडद्यावर आवृत्तीचा आकडा ताबडतोब उमटला.

"चालू आहे की, बाई!"

"मग माझ्यापाशी काय झालं त्याला? सरक."

उदय उठला. आम्ही सगळे पुन्हा भिंतीकडे. कळफलकाचा आवाज. शांतता.

"कमांड नॉट फाउंड," बाईंनी वाचून दाखविले. "उदय, काय करून ठेवलंस तू याला?"

"बाई, मी तर फक्त..." तो वळून खुर्चीकडे आला. "तुमच्या खात्यातला पाथ बिघडला असेल. म्हणजे काका," त्याने मला समजावले, "प्रोग्राम कुठे ठेवलाय हे यंत्राला पाठ असतं. ते बिघडलं की समोर असलेली वस्तूही त्याला दिसत नाही. दो मिनिट का काम है."

त्याने ते तपासले. बिघडलेले दिसले नाही, तरी त्याने ते नव्याने लिहिले. बाई बसल्या, आम्ही वळलो, बाईंनी वाचून दाखविले. तेच वाक्य.

मग त्याने परवानग्या तपासल्या. मग प्रोग्रामला लागणाऱ्या सोबतच्या फाइली आपापल्या जागी आहेत का ते पाहिले. शेवटी सीडी आणवून क्लायंटच काढून नव्याने बसविला. प्रत्येक वेळी तो स्वतः आवृत्ती विचारून पाही आणि प्रोग्राम निमूटपणे उत्तर देई. बाई बसल्या की तो नकार देई. त्याने कळफलक बदलला. त्याने विजेची तार हलवून पाहिली, जी त्याने कोणा शिकाऊ मुलाला हलवू दिली नसती. एकदा तो स्वतःशीच पुटपुटला, "भूत है क्या इसमें?" आणि बाईंनी तत्काळ सुनावले, "भुतं यंत्रात नसतात, घाई करणाऱ्या बोटांत असतात. आधी वाच, मग टंक. किती वेळा सांगितलं तुला?"

"जी बाई," चाळिशी गाठलेला तो गृहस्थ म्हणाला.

मधेच रुग्णालयातून सुलभाताईंच्या जावयाचा फोन आला. "आई, दाता मिळाला का? डॉक्टर विचारताहेत." सुलभाताईंनी फोन कानापासून दूर धरून आमच्याकडे पाहिले. काय सांगू, असे त्यांना विचारावयाचे होते, पण त्यांनी विचारले नाही.

मी कपाटातून मोहोरबंद लिफाफा काढला. उदयने तो फोडला, क्लायंट आपल्या हाताने सुरू केला आणि लिफाफ्यातला पासवर्ड दिला. यंत्राने तो नाकारला. लिफाफा गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातला होता. पासवर्ड त्यानंतर बदललेला होता आणि नवा लिफाफा माझ्याकडे आलाच नव्हता. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडत होते.

"बाई, नवा लिफाफा?" मी विचारले.

"दिलाय की तुम्हाला," बाई म्हणाल्या.

मी कपाटात पुन्हा पाहिले. अनंतराव वर्तमानपत्राची घडी करीत होते. ती झाली होती तरी ते करीत होते.

"मी देते पासवर्ड," बाई म्हणाल्या. "माझ्या खात्यावर मी पहिल्यापासून बसेन. अर्ध्यातून नाही. उठ तू."

उदय पुन्हा उठला. आम्ही पुन्हा भिंतीकडे. तेच वाक्य.

तेव्हा बाई मागे टेकल्या आणि सुलभाताईंना म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. यंत्र राहू दे. गजाननरावांना बोलवा. बोकारेंना. ते ओ निगेटिव्ह आहेत. फाउंड्रीत निरोप द्या, शिफ्ट सोडून येतील."

गजाननराव बोकारे २००३ साली वारले. त्यांची पत्नी कमलताई महिनाभर अन्नाला शिवत नव्हत्या, तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून त्यांना चार घास खाऊ घालणारी बाई म्हणजे शशिकला हरकरे. माझ्या तोंडून "बाई, गजाननराव तर..." एवढे निघाले आणि मी थांबलो. धांदलीत माणसाच्या तोंडून असे जाते, असे मी स्वतःला सांगितले. आजही मला तेच सांगावेसे वाटते.

 उदय भिंतीकडे तोंड करून उभा होता, कारण बाई पुन्हा टंकावयास बसल्या होत्या. मी त्याच्या शेजारी होतो. त्या भिंतीवर वाचनालयाच्या वेळेची पाटी होती आणि तो ती वाचीत असल्यासारखा दिसत होता. पण त्याचे ओठ वेगळेच काही म्हणत होते. तो एकेक गोष्ट वगळीत चालला होता. त्यानेच मला नंतर सांगितले: यंत्र तेच. खाते तेच. प्रोग्राम नवा. कळफलक नवा. माझ्यापाशी चालते, त्यांच्यापाशी चालत नाही. दोन वेळांत बदलते काय? जे बदलते त्याचे नाव त्याच्या मनात फार आधी आले होते. ते मनात येऊ देण्याची त्याची छाती झाली नव्हती.

बाईंनी "कमांड नॉट फाउंड" हे शब्द उच्चारले आणि उदय वळला.

काम झाल्याचे बाईंनी सांगितले नव्हते. त्या पुन्हा टंकीत होत्या. पंचवीस वर्षांत बाईंच्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही हे केले नव्हते. मला बूट घासल्याचा आवाज आला. मी मान किंचित वळविली ती उदयला रागावण्यासाठी. पण त्याचा चेहरा पाहून मी पूर्णपणे वळलो.

काळ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक, तोच हुकूम होता आणि प्रत्येकाखाली तोच नकार.

रन दाता. कमांड नॉट फाउंड.

रन दाता. कमांड नॉट फाउंड.

रन दाता.

बाई त्या संगणकाशी बोलत होत्या, ज्याला त्यांनी स्वतः हळदकुंकू वाहून ट्रकवर चढविले होते.

यंत्र पहिल्यापासून खरे बोलत होते. आम्ही यंत्र तपासले, प्रोग्राम काढला, घातला, तार हलविली, एका मरणासन्न मुलीचा मोलाचा वेळ त्यात घालविला. आणि ज्या एका ठिकाणी पाहावयाचे, तेथे पाहू नये अशी शिस्त आमच्या हाडीमासी भिनली होती. मी बाईंना चाळीस वर्षे ओळखत होतो. मला वाटले, जमीन सरकली म्हणतात ती अशी.

उदयच्या डोळ्यांत पाणी आले नाही. तो पांढराफटक पडला होता.

बाईंना पाठीमागची हालचाल कळली. त्यांनी मागे पाहिले. उदय त्यांच्याकडे तोंड करून उभा आहे हे त्यांना दिसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला राग म्हणता येणार नाही. शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलाला कॉपी करताना पकडावे, तशा त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"उदय. भिंतीकडे."

"बाई, एक मिनिट."

"तू वळलास?"

"हो, बाई."

"मी सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलं."

"का वळलास?"

उदयने तोंड उघडले. मी त्याच्याकडे पाहत होतो, सुलभाताई पाहत होत्या, अनंतरावांनी डोळे मिटून घेतले होते. एका वाक्यात खरे सांगता आले असते. तो म्हणाला, "सांगतो, बाई. आधी प्रतिभाचं काम करू. बसू का शेजारी?"

बाईंनी खुर्ची जराशी बाजूला घेतली. त्या मुकाट सरकल्या, याचेही मला भय वाटले. उदयने दुसरी खुर्ची ओढली, क्लायंटचे नाव स्वतः टंकले, आणि पडद्यावर पासवर्डाची मागणी आली. मग तो उठला, आणि भिंतीपाशी जाऊन, वाचनालयाच्या वेळेच्या पाटीसमोर, ताठ उभा राहिला.

"पासवर्ड, बाई," तो भिंतीला म्हणाला.

आम्हीही वळलो.  कळफलकाचा आवाज झाला. थांबला. सुलभाताईंचा श्वास मला ऐकू येत होता. पुन्हा आवाज झाला, या वेळी न अडखळता, पूर्वी काचेच्या खोलीत होत असे तसा, सलग आणि जलद.

"झालं," बाई म्हणाल्या. "वळा."

नोंदणी उघडली होती. मनातून जे पुसले गेले होते ते बोटांत शिल्लक होते. हे कसे घडते ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आव मी आणीत नाही. उदयने प्रश्न टंकला, ओ निगेटिव्ह, जवळ राहणारे, रक्त दिल्याला पुरेसे महिने झालेले. नावे उमटली आणि बाईंनी ती खड्या आवाजात वाचली. पहिले गृहस्थ शिवाजी नगरातले होते, सरकारी कचेरीतले. ते मुलीकडे नागपूरला गेल्याचे कळले. दुसरे नाव करोंदच्या धान्य मंडीतील आडत्या नारायणदास यांचे. फोन मी लावला.

"कौन? हरकरे बहनजी के यहाँ से?" पलीकडे तोलाईचा गोंगाट होता. "बहनजी ने याद किया है तो निकल ही गए समझो।"

ते आले तेव्हा त्यांच्या खांद्यांवर गव्हाचा भुसा होता. तिसरे नाव उदयच्याच विभागातल्या एका मुलीचे निघाले, तिलाही त्याने बोलावून घेतले. रुग्णालयाच्या तपासण्यांत जेवढा वेळ जावयाचा तेवढा गेला. शस्त्रक्रिया झाली. प्रतिभा जगली. त्यापूर्वीच्या तासाभरात काय झाले असते, हा हिशेब सुलभाताईंनी आमच्याकडे कधी मागितला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मागितला असता.

ते सगळे रुग्णालयाकडे गेल्यावर वाचनालयात बाई, अनंतराव आणि मी राहिलो. बाई खिडकीपाशी जाऊन बसल्या आणि बाहेर पाहू लागल्या. मी अनंतरावांना हळूच विचारले, "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी घडी केलेले वर्तमानपत्र बाजूला ठेवले. मग म्हणाले, "दिवाळीपासून. भाजीत मीठ दोनदा. मग कुलूप लावून किल्ली फ्रिजमध्ये. एकदा मला म्हणाली, तुम्ही ऑफिसला का गेला नाहीत?"

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मी रोज इथं येऊन बसत होतो अच्युतराव. ती टंकायला बसली की मीही भिंतीकडे तोंड करत होतो." ते थांबले. "वाटलं, घरात काय व्हायचं ते होवो. निदान यंत्रापुढं तरी ती पहिल्यासारखी असेल."

मी फोडलेला लिफाफा उचलून कपाटात ठेवला.  खिडकीपाशी बसूनच बाई म्हणाल्या, "काय कुजबुज चाललीय? उदय कुठं गेला? त्याला मला उत्तर द्यायचंय."

यानंतरच्या गोष्टी थोडक्यात नोंदवितो.

रक्तदात्यांची नोंदणी मंडळाच्या ठरावाने उदय घटाटे याच्याकडे गेली. पासवर्ड आता दोघांजवळ असतो. त्याच सभेत भिंतीकडे तोंड करण्याचा नियम रद्द करण्यात आला. यापुढे कोणीही टंकावयास बसला तर दुसऱ्याने शेजारी बसून पडदा पाहावा, असे ठरले. ठराव मीच लिहिला आणि मीच वाचला. विरोधात कोणी हात वर केला नाही. तरी सभा संपल्यावर उदय पासवर्ड टंकू लागला, तेव्हा खोलीतली अर्धी माणसे उठून उभी राहिली आणि मग अवघडून पुन्हा खाली बसली. अनंतराव बसले नाहीत. ते आजही बसत नाहीत.

प्रतिभाची मुलगी आता कॉलेजात आहे. नारायणदासजींनी वयाची मर्यादा येईपर्यंत रक्त दिले.

हरकरेबाई त्यानंतर पाच वर्षे जगल्या. आजाराला डॉक्टरांनी जे नाव दिले ते सर्वांना परिचित आहे. पुढेपुढे त्या अनंतरावांना ओळखीनाशा झाल्या, मला तर त्याआधीच. त्या दुपारचे त्यांच्यापाशी काही उरले नव्हते. प्रतिभाही नाही, नोंदणीही नाही. एक गोष्ट तेवढी उरली होती. उदय भेटावयास गेला, की चेहरा न ओळखताही त्या त्याच्याकडे रोखून पाहत आणि विचारीत, "का वळलास?"

तो दर वेळी म्हणे, "सांगतो, बाई."

त्याने सांगितले नाही. अंत्यविधीनंतर स्मशानातून परतताना त्याने मला विचारले, "काका, सांगायला पाहिजे होतं का?" वसाहतीच्या फाटकापर्यंत आम्ही चालत आलो, आणि मी त्याला उत्तर दिले नाही. ती दोन्ही उत्तरे आजपावेतो देणे राहिली आहेत.